एका परातीतली भावंडं

शर्वी आणि किमया भावंडं नाहीत, असं यंत्राने सांगितलं तेव्हा प्रणाली थोरवडे चक्क हसली. हसेल नाहीतर काय करील? दोघींना तिनेच जन्म दिला होता, आणि ही गोष्ट तिला टेबलावरच्या डब्याएवढ्या यंत्राने शिकवायची गरज नव्हती.

“मॅडम, नमुन्यांची अदलाबदल झालीय. परत बघा बरं.”

खिडकीपलीकडे मुलाणी मॅडम होत्या. तांबवडे नगरपालिकेच्या शाळा क्रमांक चारचं ऑफिस गेली बावीस वर्षं त्याच चालवत होत्या. मुख्याध्यापक येत-जात असत, मुलाणी मॅडम तिथंच. त्यांनी पडदा प्रणालीकडे वळवला.

“अदलाबदल नाही, ताई. शर्वी आणि किमया, अकरा टक्के. तिसाच्या खाली भावंडं धरत नाहीत. शर्वी आणि विहान, एकाहत्तर. ही भावंडं.” मग आवाज जरा उतरवून त्या म्हणाल्या, “मोठ्यांचेही नमुने घेतले होते ना, तेही आलेत. शर्वी आणि स्नेहल डुबल, चौसष्ट. शर्वी आणि तुम्ही, नऊ.”

आता मात्र प्रणालीचं हसू मावळलं. विहान तिच्या भावाचा मुलगा आणि स्नेहल तिची वहिनी. स्नेहल शेजारीच उभी होती, एका हाताने विहानला आणि दुसऱ्या हाताने किमयाला धरून, कारण दोघंही सहा वर्षांची होती आणि दोघांनाही एकाच वेळी त्या यंत्राचं झाकण उघडून बघायचं होतं. दहा वर्षांची शर्वी मामीला चिकटून उभी होती. आईला नाही, मामीला. यंत्राने जे टक्क्यांत सांगितलं, ते नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतंच की!

मामला असा होता. प्रणाली आणि तिचा नवरा अमोल, दोघंही सड्यावरच्या पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार. वारा असा, की वाळत घातलेली चादर शेजारच्या तालुक्यात शोधावी लागायची. नोकरी चांगली, घर चांगलं, पण वसाहतीतली शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडलेली. उरलेली चार मुलं भिंतीवरच्या पडद्यापुढे बसून शिकायची आणि तासाच्या मधेच पेंगायची. शर्वी पाच वर्षांची झाली तेव्हा दादाने, म्हणजे तुषार डुबलने, तिला खाली तांबवड्याला आपल्या घरी नेलं. मामाच्या घरी राहून शिकायचं, यात आपल्याकडे नवल ते काय? निम्मा मुलूख तसाच शिकून मोठा झालाय. तेव्हा शाळा क्रमांक चारला गर्दीही नव्हती. गेलं, नाव सांगितलं, की प्रवेश.

पाच वर्षांत शाळेचं नशीब असं काही पालटलं की खासगी शाळांच्या बसगाड्या अर्ध्या रिकाम्या फिरू लागल्या. पहिलीच्या साठ जागांना चारशे अर्ज! मग सोडत आलीच. सोडतीत प्रत्येक अर्जाला संगणक एक आकडा देतो, पण जागा सरसकट भरत नाहीत, तीन रांगांनी भरतात. पहिली रांग भावंडांची, म्हणजे ज्यांचा भाऊ किंवा बहीण आधीच शाळेत आहे त्यांची. मग वॉर्डात निदान वर्षभर राहिलेल्या मुलांची. आणि मागाहून बाहेरच्यांची. बाहेरच्यांपर्यंत जागा कधी पोचतच नसे. किमयाचा पत्ता सड्यावरचा. शर्वीची बहीण म्हणून पहिल्या रांगेत बसली तरच तिला शाळा, नाहीतर आहेच भिंतीवरचा पडदा.

भावंडांना पहिली रांग का? एका घरातली दोन पोरं गावाच्या दोन टोकांना सोडायची म्हटलं की आईबापांची सकाळ म्हणजे नुसती तारांबळ. ती वाचावी म्हणून. हेतू चांगला होता, पण सवलत निघाली की शहाणेही निघतातच. अर्जांच्या दिवसांत तांबवड्यात भावंडांचं पीक यायला लागलं. खोटे दाखले, कागदोपत्री दत्तकविधान. एका सद्गृहस्थाने तर शाळेतल्या एका मुलीला सात भाऊ दाखवले होते. बरं, डीएनए तपासावा, तर त्याचा घोळ वेगळाच. खरोखर दत्तक घेतलेली मुलं, सावत्र मुलं, शेजारणीने पोटच्यासारखी वाढवलेली अनाथ मुलं, सगळी रांगेबाहेर. तेव्हा दोन वर्षांपूर्वी हे यंत्र आलं.

लोक त्याला विरजणाचं यंत्र म्हणायचे, आणि नाव अगदी चपखल होतं. माणसाच्या तोंडात जीवाणूंच्या शेकडो जाती सुखाने नांदतात. जाती सगळ्यांच्या तोंडी साधारण त्याच, पण एकेका जातीचे वाण असंख्य, आणि ते घरागणिक निराळे. दही सगळ्यांच्याच घरी लागतं, पण प्रत्येक घरचं विरजण वेगळं, तसंच हे. एका घरातली माणसं एकमेकांचं उष्टं खातात, एका पेल्याने पाणी पितात, पोराचा घास आधी स्वतः चाखून बघतात, गालाचे मुके घेतात. त्यातून हे वाण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात आणि तिथं मुक्काम ठोकतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, की यंत्र त्यातल्या जीवाणूंची जनुकं अक्षर न् अक्षर वाचतं आणि पाऊण तासात सांगतं, या दोघांचे किती वाण सामायिक आहेत. बाळाला पहिला वाटा आईकडून मिळतो हे खरं, पण बाळ दुसऱ्या घरी वाढलं की महिन्या-दीड महिन्यात नव्या घरचे वाण रुजू लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत जुने मागे हटतात. कोण कोणाच्या पोटी जन्मलं, हे यंत्राला कळत नाही. कोण कोणाबरोबर जेवतं, एवढंच कळतं.

नगरपालिकेने त्यावरूनच नियम बांधला, की भावंडं म्हणजे एका घरात राहून एकत्र जेवणारी मुलं. त्यावर मोठ्या एकत्र कुटुंबांनी चुलत-मामे धरून दहा-दहा पोरं उभी केली, तेव्हा आणखी एक कलम आलं. शाळेतल्या एका मुलामागे एका वर्षी एकच भावंड.

प्रणालीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर चाचणीआधी तीन आठवड्यांची रजा काढून ती किमयाला घेऊन दादाकडे येऊन राहिली होती. एका छपराखाली राहिलं की झालं, असा तिचा समज. शिवाय सख्ख्या बहिणी म्हटल्यावर यंत्र वेगळं काय सांगणार? पण येताना या बाईने काय करावं? किमयाचं ताट, वाट्या, पेला, पाण्याची बाटली, सगळं सड्यावरून बांधून आणलं. चूळ भरायचं, तोंडातले जंतू मारणारं औषधसुद्धा. एक लेक आधीच त्यांच्या गळ्यात घातलीय, आता दुसरीची भांडी कशाला त्यांच्या मोरीत, हा तिचा विचार. प्रणालीचा स्वभावच तसा. कुणाचं पेलाभर पाणी प्यायली तरी जाताना पेला विसळून ठेवणारी.

“ताट कशाला गं वेगळं?” वहिनीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“असू दे. तुला कशाला व्याप?” असं म्हणून प्रणालीने ते ताट मांडलं.

तीन आठवडे किमया आईशेजारी बसून, आईच्या हातून, आपल्या ताटात जेवली आणि सकाळ-संध्याकाळ औषधाने चूळ भरत राहिली. चार हातांवर शर्वी आणि विहान एका परातीत भांडून जेवत होते. चाचणी होती एकत्र जेवण्याची, आणि ही पोरीला वेगळं ताट वाढत बसली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर प्रणालीचा तोल गेला.

“झालं समाधान?” ती वहिनीला म्हणाली. “यंत्रानेसुद्धा माझी लेक तुझ्याच पदरात घातली.”

स्नेहल ब्लाउज शिवायची. टाका चुकला तर दोरा ओढायचा नाही, थांबायचं, ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. बोलली ती शर्वी.

“आई, मी काय केलं?”

पोरीचा चेहरा पाहून प्रणालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्नेहलने शर्वीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तू काही नाही केलंस, बाळा. आई दमलीय. चला, घरी पोहे करू.”

घरी गेल्यावर स्नेहलने पोहे नंतर केले. आधी किमयाचं ताट, वाट्या, पेला, सगळं फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. चूळ भरायच्या औषधाची बाटली मोरीत उपडी केली. प्रणाली बघतच राहिली.

“पंचेचाळीस दिवसांनी फेरचाचणी मिळते ना?” स्नेहल म्हणाली. “मग पोरीला माझ्याकडे ठेव आणि तू जा कामावर. तू इथं राहिलीस तर परत ताटं वेगळी होतील.”

“अगं पण तुला त्रास—”

“वन्सं, गप बसा!” स्नेहल चिडली की प्रणालीला वन्सं म्हणायची, आणि ती चिडलेली प्रणालीने क्वचितच पाहिली होती. “त्रास म्हणे. तीन आठवडे ते ताट बघून मला काय वाटत होतं, विचारलंस कधी? आमच्या घरचं अन्न तुझ्या पोरीला चालत नाही की काय, असं वाटायचं मला.”

हे प्रणालीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण भांडी वाचवतोय, या तोऱ्यात ती होती. तिने मान हलवली, पोह्यांची बशी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती सड्यावर परतली.

पहिले चार दिवस किमया फोनवर नुसती रडली. पाचव्या दिवशी तिने फोनवर विहानची तक्रार सांगितली, की तो परातीतला बटाटा आधी खातो. दहाव्या दिवशी, आपणही आता बटाटाच आधी खातो, असं सांगितलं. विसाव्या दिवशी तिला फोनवर यायला वेळ नव्हता, कारण शर्वीताई तिला दोरीवरच्या उड्या शिकवत होती. प्रणाली तेव्हा ऐंशी मीटर उंचीवर, पात्यांमागच्या बंद खोलीत बसून जोडणी तपासत होती. तिने फोन ठेवला.

“रडतीयस का?” अमोलने विचारलं.

“वारा लागला डोळ्याला.”

“खिडकी नाही या खोलीला, प्रणाली.”

ती हसली आणि मग मोकळेपणाने रडली. पोर दुरावतेय म्हणून रडू येत होतं हे खरं. पण पाच वर्षांत पहिल्यांदाच दोन बहिणी एकमेकींचं नाव घेऊन भांडत होत्या, हसत होत्या. आजवर शर्वी सुट्टीला सड्यावर यायची तेव्हा किमया तिला पाहुणीसारखी आपली खेळणी दाखवायची आणि शर्वी पाहुणीसारखीच “छान आहे” म्हणायची. ते प्रणालीला बघवत नसे. म्हणून तर हा सगळा आटापिटा. किमया तांबवड्याला गेली तर सड्यावरचं घर ओकंबोकं होणार, हे तिला कळत होतं. पण दोघी बहिणी परक्या म्हणून वाढाव्यात, यापेक्षा ओकं घर परवडलं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

फेरचाचणीला प्रणाली आली. पुन्हा तेच ऑफिस, तीच कापसाची काडी, तोच पाऊण तास. मुलाणी मॅडमनी कागद काढला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“शर्वी आणि किमया, अडतीस! घ्या, झाली बहीण.”

प्रणालीने किमयाला उचलूनच घेतलं. पण मुलाणी मॅडम पुढचं वाचत होत्या.

“शर्वी आणि विहान, सत्तर. म्हणजे दोघंही बसतात. पण एका मुलामागे एकच, कलम तुम्हाला ठाऊक आहे. शर्वीमागे पहिल्या रांगेत कोणाला घालू?”

खरं तर विहान त्याच घरचा, त्याच वॉर्डातला, आणि टक्केही त्याचेच जास्त. प्रणालीला वाटलं, आपण तोंड उघडायचं नाही. हा घास वहिनीच्या लेकाचा आहे. तिने मान खाली घातली.

“किमया,” स्नेहल म्हणाली. जणू कांद्याचा भाव सांगावा इतक्या सहज.

“वहिनी, थांब! विहानचं काय?”

“त्याला वॉर्डाची रांग आहे. तुझ्या लेकीला दुसरी कुठली रांग आहे, सांग बघू?”

“वॉर्डात सत्तर पोरं आहेत आणि जागा अडतीस. नाही निघालं नाव तर?”

“नाही निघालं तर बघू. लिहा हो मॅडम.”

मॅडमनी लिहिलं. बाहेर आल्यावर प्रणालीने वहिनीचा हात धरला. बोलायचं खूप होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच. “मी फेडीन हे. काहीही करून फेडीन.”

स्नेहलने हात सोडवून घेतला. “फेडायचं काय त्यात?” ती म्हणाली आणि भरभर पुढे चालू लागली. आपलं काहीतरी चुकलं, एवढं प्रणालीला समजलं. काय चुकलं, ते मात्र समजलं नाही.

सोडत शाळेच्या सभागृहात झाली. पहिली रांग भावंडांची, बावीस नावं, त्यांत किमया थोरवडे. प्रणालीने दोन्ही हात जोडले. मग वॉर्डाची अडतीस नावं पडद्यावर एकेक उमटत गेली. बत्तीस, तेहेतीस. स्नेहल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सदतीस, अडतीस. विहान डुबल आला तो प्रतीक्षायादीत, सतरावा. गेल्या वर्षी प्रतीक्षायादीतल्या पाचच मुलांना जागा मिळाली होती.

“असू दे,” स्नेहल म्हणाली. “पलीकडच्या वॉर्डातली शाळाही काही वाईट नाही.” ती घरी आली, विहानला दूध दिलं आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. मशीन त्या दुपारी थांबलंच नाही. आतल्या खोलीतून दादाने एकदा डोकावून पाहिलं आणि तो आपल्या गॅरेजच्या कामाला निघून गेला.

विहान परातीतले दाणे वेचत बसला होता. “आत्या, मग मी शर्वीताईबरोबर नाही जाणार?” त्याने विचारलं.

प्रणालीच्या काळजाला ते लागलं. अरे, कुणाच्या पोराची जागा घेऊन बसलो आपण? तिने फोनवर नियमांचं पुस्तक उघडलं. पवनचक्कीचं हजार पानी पुस्तक कोळून प्यालेली बाई ती, साठ पानांचं काय घेऊन बसलात. आधी तीनदा वाचलं होतं, पण किमयापुरतं वाचलं होतं. आता विहानसाठी वाचायला घेतलं आणि एकेचाळिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं. प्रवेश निश्चित झालेलं मूल त्याच दिवसापासून शाळेतलं मूल मानावं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एका भावंडाचा हक्क राहील. हा हक्क प्रतीक्षायादीलाही लागू असेल.

म्हणजे किमया आता शाळेतलं मूल होती. आणि शाळेतल्या मुलाला एक भावंड!

तिने फेरचाचणीचा कागद शोधला. तिथं तीन रकाने होते. शर्वी-किमया, शर्वी-विहान, आणि तिसरा किमया-विहान. तिसऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा त्याची गरज नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंचेचाळीस दिवस परातीतल्या बटाट्यावरून भांडलेल्या त्या दोघांचा आकडा होता सेहेचाळीस.

“वहिनी, मशीन बंद कर!” प्रणाली ओरडली. “चप्पल घाल. पोरांना घे.”

मुलाणी मॅडम ऑफिसला कुलूप लावायच्या बेतात होत्या. त्यांनी एकेचाळिसावं पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“बावीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, “आज शिकवलंत. बसा. किमयाचा भाऊ म्हणून विहान प्रतीक्षायादीत पहिला येतो. आणि सोडत झाल्यापासून दोन घरांनी जागा सोडल्याचं कळवलंय, बदली झाली म्हणून. म्हणजे आलाच समजा.” मग त्या जरा चाचरल्या. “फक्त एक आहे. घरातले पालक सगळ्या भावंडांचे एकच लागतात. शर्वी आणि किमयाच्या नावापुढे तुम्ही आहात, विहानच्या नावापुढे ह्या. आणि तुम्ही तर तांबवड्यात राहत नाही.”

याचा अर्थ प्रणालीला चांगलाच माहीत होता. घरातले पालक म्हणजे प्रगतिपुस्तकावर ज्यांची सही लागते ते. पालकसभेचं बोलावणं ज्यांना येतं ते. पोर तापाने फणफणली तर शाळेचा पहिला फोन ज्यांना जातो ते. पाच वर्षं ते सगळं सड्यावर येत होतं. शर्वीच्या सहीसाठी ती दोन-दोन तासांचा घाट उतरून यायची. तेवढं एकच तर उरलं होतं तिच्याकडे, ‘पालक : प्रणाली अमोल थोरवडे’ ही एक ओळ.

“तिघांपुढेही स्नेहल तुषार डुबल लिहा,” ती म्हणाली.

“प्रणाली, अगं विचार कर,” स्नेहल म्हणाली. “माझं नाव कशाला? दुसरा काही मार्ग असेल.”

“शाळेतून फोन आला तर सड्यावरून मी काय करणार आहे, वहिनी? आजवर प्रत्येक तापात रात्रभर जागलीस तू, आणि मी दोन दिवसांनी येऊन सही केली. लिहा, मॅडम.”

मुलाणी मॅडमनी तिन्ही नावं बदलली आणि पडदा प्रणालीपुढे केला. शेवटी एक प्रश्न होता. घरातल्या पालकांना विचारून त्यांची संमती घेतली आहे का? खाली हो आणि नाही, असे दोन चौकोन. त्या प्रश्नाकडे कुणी ढुंकून पाहत नसे, सगळे हो दाबून मोकळे होत. प्रणालीचं बोटही ‘हो’कडे गेलं आणि वरच्या वर थांबलं.

विचारून?

पाच वर्षांपूर्वीची ती बैठक तिला लख्ख आठवली. दादा म्हणाला होता, शर्वीला पाठव माझ्याकडे. अमोल म्हणाला, बरं होईल. आई म्हणाली, मामाचं घर काय परकं असतं? प्रणालीने मान डोलावली. आणि वहिनी कुठं होती? वहिनी स्वयंपाकघरात होती, वर्षाच्या विहानला कडेवर घेऊन सगळ्यांसाठी चहा करत. ती चहा घेऊन बाहेर आली तोवर सगळं ठरून गेलं होतं. आपल्या घरात आणखी एक पाच वर्षांची पोर वाढणार आहे, हे तिला चहाचे कप वाटताना कळलं. दादाने विचारलं नव्हतं, आईने नाही, अमोलने नाही. आणि हिने, जिची ती लेक होती, हिनेही नाही. पाच वर्षांत सड्यावरून तूप आणलं, मध आणला, स्वेटर आणले, भांडी आणली. एवढं सगळं करून एक साधा प्रश्न तेवढा राहिला होता.

प्रणालीने पडद्यावरचं बोट काढून घेतलं आणि ती वहिनीकडे वळली. आज बोलायचंच होतं.

“वहिनी, शर्वीच्या वेळी तुला कुणी विचारलंच नाही गं.”

“आता काय त्याचं?” स्नेहल म्हणाली, पण ती दुसरीकडे बघायला लागली होती.

“विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. भीती वाटायची मला. आभार मानले तर शर्वी तुझी झाली असं होईल, असं वाटायचं. म्हणून नुसतं फेडत बसले. तू माझी लेक इतकी गुणाची वाढवलीस, इतक्या मायेने वाढवलीस, की त्या यंत्रालाही ती तुझीच वाटली. आणि मी त्यावर तुझ्यावरच डाफरले. माझं चुकलं. तुझे किती उपकार आहेत ते मला माहीत आहे, वहिनी, आणि ते फिटणार नाहीत हेही माहीत आहे. फेडणारही नाही आता.” तिने नाक पुसलं. “आज विचारते. माझ्या दोघी मुली सांभाळशील? तुझ्या मनात नसेल तर नाही म्हण. विहानची जागा जाऊ नये म्हणून हो म्हणू नकोस. त्याच्यासाठी मी दुसरा मार्ग शोधीन.”

मुलाणी मॅडम उगाचच कपाटातल्या फायली लावू लागल्या. तिन्ही पोरं बाकावर बसून एका बाटलीतून आळीपाळीने पाणी पीत होती. स्नेहलने त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे.

“कुणीतरी विचारेल म्हणून मी पहिलं वर्षभर वाट बघितली गं,” ती म्हणाली. “मग सोडून दिली.”

तिने ओढणीने डोळे कोरडे केले, खुर्ची पुढे ओढून प्रणालीच्या शेजारी बसली आणि पडद्यावरचा तो प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“हो,” स्नेहल म्हणाली. “सांभाळीन.”